डोंगर बाहेर आलाय का?

१२ जून २०२४, बुधवार

अलास्कातल्या अँकरेजहून सकाळी सव्वाआठच्या सुमाराला सुटणारी 'डेनाली स्टार' गाडी. डेनाली म्हणजे उत्तर अमेरिकेतला सगळ्यांत उंच डोंगर, तो बघायला आम्ही दोघं निघालो होतो. सिएटलच्या लेकीने आमच्यासाठी खिडकीच्या जागा धरून ठेवल्या होत्या आणि वर बजावलंही होतं, "बाबा, गाडी प्रत्येक पुलावर थांबणार नाहीये." आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी, गाळ, भराव, पाया यातलं काहीही नजरेला पडलं की त्यांचा पाय निघत नाही. हा लोहमार्ग अमेरिकन सरकारने १९१५ ते १९२३ या काळात बांधला आणि १९८५ मध्ये अलास्का राज्याने तो विकत घेतला, एवढं सगळं ते घरूनच वाचून आले होते. मला खिडकीतून फक्त झाडं दिसत होती. बारीक, काळपट हिरवी, एकमेकांना खेटून उभी असलेली स्प्रूसची झाडं, आणि मधूनच दलदल.

अकराच्या सुमाराला टॉकीटना आलं. हजारेक वस्तीचं गाव, एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि दुकानं. डेनाली राष्ट्रीय उद्यानाचं फाटक इथून मोटारीने अडीच-तीन तास लांब. पण उद्यानाच्या दक्षिण अंगाला जायला रस्ताच नाही. तिथे आहेत त्या फक्त हिमनद्या आणि सुळके, आणि तिकडे नेणारी छोटी विमानं उडतात ती या गावातून. गिर्यारोहकही इथूनच जातात. त्यामुळे गावात दोनच प्रकारची माणसं भेटतात: उन्हाने नाकं सोललेली, पंधरा दिवस आंघोळ न केलेली, आणि आमच्यासारखी नव्या रेनकोटातली. कित्येक वर्षं या गावचं मानद महापौरपद एका बोक्याकडे होतं म्हणे. २०१७ मध्ये तो गेला. गावातल्या लोकांकडे वेळ बराच आहे, एवढं कळलं.

दुपारी नदीवर गेलो. मुख्य रस्ता संपतो तो थेट पाण्यात. सुसिटना, चुलिटना आणि टॉकीटना या तीन नद्यांचा हा संगम. पात्र अफाट रुंद, पण पाणी एका धारेत नाही. गोट्यांच्या बेटांमधून फाटत, परत जुळत वाहणारं. रंग सिमेंट कालवल्यासारखा करडा. ह्यांनी ओंजळ भरून घेतली, पाणी गळून जाऊ दिलं आणि बोटं एकमेकांवर चोळली. "बघ," म्हणाले. तळव्यावर राखाडी लेप राहिला होता, कण हाताला लागतच नव्हते. हिमनदी सरकताना खालचा खडक रगडते, त्याची ही भुकटी. इतकी बारीक की लवकर खाली बसत नाही, म्हणून नदी उन्हाळाभर अशीच गढूळ. "आमच्याकडे असा गाळ आला असता तर धरण किती वर्षं टिकलं असतं?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता, पण पुढचा अर्धा तास उत्तर मलाच ऐकावं लागलं.

या काठावरून डेनाली दिसतो. म्हणजे दिसायला हवा. समोर ढगांचा पडदा होता, तो हलायचं नाव घेईना. अलास्कातली माणसं दिवस सुरू करतात तेच "डोंगर बाहेर आलाय का?" असं विचारून. इथे आलेल्यांपैकी तिघांतल्या एखाद्यालाच तो दिसतो असं सांगतात. रात्री अकरा वाजता लख्ख उजेडात आम्ही पुन्हा जाऊन आलो. ढग तसेच. डास मात्र बाहेर आले होते, आणि तेही कुटुंबकबिल्यासह.

१३ जून, गुरुवार

डोंगराकडे नेऊन हिमनदीवर उतरवणाऱ्या विमानाची दहाची वेळ दिली होती. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर कंपनीचं लाकडी कार्यालय आहे, तिथे नऊलाच हजर. खिडकीवरच्या मुलीने गोड आवाजात वजन विचारलं, कपडे, बूट, कॅमेरा सगळं धरून. मी हळूच किलोत पुटपुटले. तिला ते पौंडात हवं होतं. शेवटी तिने काहीही न बोलता काट्याकडे बोट दाखवलं. त्या क्षणी आमचे हे भिंतीवरचा नकाशा अत्यंत बारकाईने पाहू लागले. संसार टिकतो तो अशाने.

या विमानांत वजनाला फार महत्त्व. कोण कुठे बसणार हे वैमानिक त्या आकड्यांवरून ठरवतो.

मग बसलो. दहाचे अकरा झाले, अकराचे साडेबारा. गावावर आकाश बऱ्यापैकी निळं होतं, त्यामुळे एक आजोबा जरा तापलेच. तेव्हा त्या मुलीने डोंगरातल्या कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर लावलं. नुसता पांढरा चौकोन. इथून डोंगर शंभरेक किलोमीटर, मध्ये खिंडी, आणि त्या ढगांनी भरलेल्या असल्या की आत गेलेल्या विमानाला वळायला जागा उरत नाही. एक वाजता तिने सगळ्यांना सांगितलं, आज नाही. पैसे परत घ्या किंवा उद्याची जागा घ्या. लेकीने एक दिवस मोकळा ठेवायला लावला होता, तो असा कामाला आला.

दुपारी वॉल्टर हार्पर रेंजर ठाण्यावर गेलो. डेनालीच्या माथ्यावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्याचं हे नाव. ७ जून १९१३ रोजी हडसन स्टक, हॅरी कार्स्टेन्स, रॉबर्ट टेटम आणि हार्पर असे चौघे वर पोचले. त्यांत पुढे होता तो हार्पर, इथल्याच कोयुकॉन या मूळ रहिवासी लोकांपैकी, वय अवघं वीस. पाच वर्षांनी जहाज बुडून तो गेला. ज्या लोकांनी या डोंगराला 'डेनाली', म्हणजे उंच असलेला, म्हटलं, त्यांच्यातलाच एक जण पहिला वर गेला याचं मला बरं वाटलं. १८९६ मध्ये मात्र त्याला नाव लागलं ते मॅकिन्ली. एका सोनं शोधणाऱ्याने ते दिलं, आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हे मॅकिन्ली अलास्कात कधी आलेही नव्हते. २०१५ मध्ये सरकारने डेनाली हे नाव अधिकृत केलं. आमच्या सहलीनंतर, जानेवारी २०२५ मध्ये, पुन्हा मॅकिन्ली केलं. उद्यानाचं नाव डेनालीच आहे.

ठाण्यात गिर्यारोहकांची नोंदणी चालली होती. वर्षाला हजाराच्या आसपास लोक चढाईला जातात, निम्मेच माथ्यावर पोचतात. प्रत्येकाला एक हिरवं झाकणबंद पिंप देतात. ते कशासाठी, हे रेंजरबाईंनी अगदी सरळ शब्दांत सांगितलं: डोंगरावर शौचालय नाही, जे काही होईल ते यात घालून आणायचं. आपल्याकडच्या गडांवर शनिवार-रविवारी काय दिसतं ते आठवून मी ते पिंप जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

पुढे गावच्या दफनभूमीत गेलो. तिथे डोंगरावर गेलेल्यांचं स्मारक आहे. नावं आणि वयं कोरलेली. बहुतेक वयं आमच्या लेकीच्या आगेमागे. जपानचे नाओमी उएमुरा १९७० मध्ये एकटे डेनाली चढले. १९८४ च्या फेब्रुवारीत ऐन हिवाळ्यात पुन्हा एकटेच माथ्यावर पोचले आणि उतरताना नाहीसे झाले. आमचे हे तिथे काही बोलले नाहीत. परत येताना फक्त विचारलं, "उद्या नक्की जायचं ना?"

"अहो, आपण चढायला नाही चाललो," मी म्हटलं.

१४ जून, शुक्रवार

सकाळी पावणेसातला फोन. "डोंगर बाहेर आलाय. आठपर्यंत या."

विमान लाल रंगाचं, डी हॅविलंड ओटर. कॅनडात बनलेलं हे मॉडेल १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि १९६७ पर्यंत तयार होत होतं. म्हणजे आम्ही ज्यात बसणार होतो ते साधारण आमच्याच वयाचं. एंजिन नवं, टर्बाइनचं. चाकांच्या दोन्ही बाजूंनी जाडजूड स्की. जमिनीवर चाकं, बर्फावर स्की, आणि बदल हवेतल्या हवेत. ह्यांनी वाकून त्याची सगळी जोडणी पाहून घेतली. वैमानिक तिशीची एक मुलगी, केसांची वेणी, हातावर ग्रीसचा डाग. तिने यादी पाहिली आणि ह्यांना पुढे, स्वतःच्या शेजारच्या जागेवर बसवलं. मागून मला फक्त त्यांचे कान दिसत होते, पण ते किती खूश आहेत हे कळायला तेवढं पुरे होतं. बुटांवर चढवायला कापडी गुडघाबूट मिळाले. कानांवर हेडफोन.

उडाल्यावर पहिली दहा मिनिटं जंगल, बीव्हरने बांध घालून केलेली तळी, आणि एका तळ्यात पोटापर्यंत उभी असलेली मूस जातीची थोराड हरिणी. मग झाडं संपली आणि खाली दगडगोट्यांचे करडे ढिगारे सुरू झाले, मैलोन्‌मैल. "खाणीचं टाकलेलं दिसतंय," हे हेडफोनमधून म्हणाले. वैमानिक हसली. "त्याच्याखाली बर्फ आहे. ही काहिल्टना हिमनदी." ७१ किलोमीटर लांब, या पर्वतरांगेतली सगळ्यांत लांब. वरून निसटलेले दगड अंगावर घेत ती खाली येते, त्यामुळे तोंडाशी बर्फ दिसतच नाही. पुढे मग ढिगाऱ्यांमधून भेगा उघडल्या, भेगांत निळं पाणी. असा निळा मी दुसऱ्या कशात पाहिलेला नाही.

डोंगर समोर होताच, पण मी त्याला ढग समजत होते. ढग असतात तितक्या उंचीवर नजर होती, आणि तिथे जे पांढरं दिसत होतं त्याला कडा होत्या. आम्ही दहा हजार फुटांवरून चाललो होतो. शिखर २०,३१० फूट. म्हणजे अजून जवळजवळ तेवढंच वर. एव्हरेस्ट उंच खराच, पण तो उभा आहे तेच मुळात तिबेटच्या पठारावर. तिथून वर तो बाराएक हजार फूट. डेनाली पायथ्यापासून माथ्यापर्यंत अठरा हजार फूट सलग उठतो. डावीकडे फोरेकर शिखर, उजवीकडे हंटर. दुसऱ्या कुठल्याही देशात यांच्या नावाने पोस्टाची तिकिटं निघाली असती.

खाली बर्फावर काही ठिपके होते. वैमानिकाने विमान थोडं कलतं केलं: ७,२०० फुटांवरचा मुख्य तळ. रंगीत तंबू, त्यांच्या शेजारी बर्फातच आखलेली धावपट्टी, आणि तिथून निघून वर वळणारी एक रेघ. ती रेघ म्हणजे माणसांच्या पायांची वाट. तिच्यावर माणसं असणार, पण मला एकही दिसलं नाही. शिखराभोवती फिरवून आणणारी वेगळी सहल असते, तिच्यात ऑक्सिजन लावावा लागतो. आमची ती नव्हती, आणि मला तिची गरजही वाटली नाही.

एक कडा ओलांडून आम्ही रूथ हिमनदीच्या वरच्या खोऱ्यात शिरलो. त्याचं नाव शेल्डन अँफिथिएटर. डॉन शेल्डन हा टॉकीटनाचा वैमानिक; १९६० मध्ये जखमी गिर्यारोहकांना आणायला तो सुमारे चौदा हजार फुटांवर, चढत्या बर्फावर विमान घेऊन उतरला होता. इथल्या एका खडकावर त्याने १९६६ मध्ये छोटं सहा कोनी लाकडी घर बांधलं, ते अजून उभं आहे.

आता स्की खाली आल्या. मी काच घट्ट धरून बसले होते, जणू तिचाच आधार. जमीन किती खाली आहे ते कळेचना. सगळं पांढरं. झाड नाही, घर नाही, सावली नाही. शंभर फूट उरलेत की दहा, डोळा सांगायलाच तयार नाही. मला वाटलं माझेच डोळे अधू झाले. पण नंतर वैमानिकाने सांगितलं की ढगाळ उजेडात त्यांनाही नेमकं हेच होतं. पूर्वीचे वैमानिक उतरण्याआधी बर्फावर झाडाच्या फांद्या टाकत, डोळ्याला धरायला काहीतरी असावं म्हणून. आज ऊन होतं, आणि आधीच्या विमानाच्या स्कीच्या खुणा होत्या. त्या खुणांवरच ती उतरली, चढाच्या दिशेने, म्हणजे विमान आपोआप मंदावतं. टेकल्याचा धक्का असा लागलाच नाही. खालून खरखर सुरू झाली एवढंच.

दार उघडलं तर पहिल्यांदा आला तो जळक्या इंधनाचा वास. खाली पाय ठेवला आणि गुडघ्यापर्यंत आत. जूनचं बर्फ, वर मऊ, पाणी सुटलेलं. तुडवलेल्या जागेच्या बाहेर जायचं नाही, भेगा बर्फाने झाकलेल्या असतात, ही ताकीद आधीच मिळाली होती. जाकीट काढावं इतकी ऊब. आमच्याबरोबरचं एक तरुण जोडपं लगेच बर्फात आडवं पडून फोटो काढू लागलं. हे वैमानिकाला स्कीच्या पंपाबद्दल विचारत होते. मग दोघांची गाडी बर्फाच्या जाडीवर आली.

"खाली घळीत १,१५० मीटरपर्यंत मोजली आहे," ती म्हणाली.

हे गप्प. ओठ हलत होते, म्हणजे हिशोब चालू. "अगं," मला म्हणाले, "कोयना धरण १०३ मीटर उंच. अकरा कोयना एकावर एक." वैमानिकाला कोयना काय कळणार? ह्यांनी तिला कळवलं. सह्याद्री, भूकंप, वीजनिर्मिती, सगळं. हिमनदीवरची आमची वीस मिनिटं त्यातच संपली. तिने मात्र मन लावून ऐकलं, हे तिचं कौतुक.

परतताना त्याच घळीतून. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती, मध्ये जेमतेम मैलभर रुंदीची हिमनदी. ती दिवसाला मीटरभर पुढे सरकते. भिंती बर्फावर पाच हजार फूट, म्हणजे दीड हजार मीटर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. हे आकडे मला माहीत होते, पण बघताना काही केल्या ते खरे वाटेनात. भिंत मला हाताच्या अंतरावर वाटत होती, आणि उंची आपल्या एखाद्या कड्याएवढी.

"समोर बघा, आमचं दुसरं विमान येतंय," वैमानिक म्हणाली.

मी बघितलं. भिंत होती. बर्फ होतं. विमान नव्हतंच. "उजवीकडे, माउंट डिकीच्या कड्यावर, मध्याच्या जरा खाली." मग दिसलं. काल रात्री खोलीच्या भिंतीवर डास बसला होता, तेवढं. लाल रंगाचं, आमच्यासारखंच दहा माणसं घेऊन येणारं. ते पुढे सरकतंय हेही नीट कळत नव्हतं. त्याच्यावरून मी भिंत पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली आणि पोटात गोळा आला. उडताना नाही, उतरताना नाही, तेव्हा आला.

हे पुढून वळून बघत होते. हेडफोनमधून काही बोलले नाहीत. हाताच्या बोटांनी नुसतं मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं.

माणशी पाचशे डॉलरच्या घरात पैसे गेले. मी रुपयांत हिशोब केला, लपवत नाही. आणि पुन्हा देईन.

१५ जून, शनिवार

दुपारच्या गाडीने उत्तरेला, उद्यानाच्या फाटकाशी. वाटेत हरिकेन गल्च नावाच्या दरीवरचा १९२१ मधला पोलादी पूल, जवळजवळ तीनशे फूट उंच. गाडी त्यावर मुद्दाम हळू चालवतात. डब्यातले सगळे फोटोसाठी एका बाजूला धावले, आणि ह्यांनी "सगळे एकाच बाजूला नका येऊ" असं मराठीतच सांगितलं. संध्याकाळी पाऊस. मेतकूट-भात आणि झोप.

१६ जून, रविवार

आज उद्यानाची बस. १९१७ मध्ये झालेलं हे उद्यान, १९८० मध्ये वाढवलं, आता सुमारे साठ लाख एकर. एवढ्या सगळ्याला मिळून रस्ता एक, ९२ मैलांचा. त्यातले पहिले पंधरा मैलच स्वतःची मोटार नेता येते, पुढे उद्यानाच्या बसनेच जायचं. शाळेच्या बसेससारख्या दिसणाऱ्या हिरव्या बसेस. कुणाला प्राणी दिसला की "थांबा!" ओरडायचं, चालक थांबवतो. कॅरिबू जातीची हरणं दिसली, एका उतारावर पांढऱ्या डॉल मेंढ्या, आणि सेबल खिंडीजवळ गवताळ रंगाची अस्वलीण दोन पिल्लांसह, रस्त्यापासून इतक्या जवळ की चालकाने हळू आवाजात खिडक्या वर करायला लावल्या. ती मुळं उकरत होती. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

डोंगर मात्र पुन्हा आत गेला होता. बसमधल्या कुणालाच तो दिसला नाही. परवाचे फोटो मी शेजारच्या बाईंना दाखवले, थोडा भाव खाल्ला.

४३ व्या मैलावर ईस्ट फोर्कच्या पुलाशी बस वळली. पुढे प्रिटी रॉक्स नावाची जागा आहे, तिथला उतार आतला बर्फ वितळल्याने घसरतोय. २०१४ च्या आधी रस्ता वर्षाला काही इंच सरकत असे, २०१९ मध्ये दिवसाला काही इंच, आणि २०२१ मध्ये तासाला अर्ध्या इंचाहून जास्त. ट्रकने खडी टाकून टाकून थकले आणि त्या ऑगस्टमध्ये रस्ता बंद केला. आम्ही गेलो तेव्हा तिथे ४७५ फुटांचा पोलादी पूल बांधत होते. आमचे हे चालकाला गाठून उभे. पाया कशात घेतला, खडकात की गोठलेल्या मातीत? माती गोठलेली राहावी म्हणून काय करणार? मधल्या उतारात खांब नाही ना घेतला? चालकाने हात वर केले आणि कामावरच्या एका तंबाखू चघळणाऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. तो माणूस जेवणाच्या सुटीत होता. हे त्याच्या शेजारी दगडावर जाऊन बसले.

बसने दोनदा भोंगा वाजवला. तिसऱ्याला मी जाऊन त्यांना घेऊन आले. "खांब नाही घेतला," बसमध्ये चढता चढता ते मला म्हणाले, "एकाच झेपेत नेलाय. शहाणी माणसं आहेत."